पिशवी खेळाडूची, सोयही त्याचीच



ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांतल्या शस्त्रसाजाबद्दल आणि सामानाच्या पिशवीबद्दल माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये बोलायला सबळ कारण आहे. १९९७ साली याच गावात माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना गाला सिन्हा आणि त्यांच्या सहकारी महिलांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला होता, कारण प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायला तयार झाल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढे मजुरी बुडवून बँकेत येणं बायकांना परवडत नाही हे कळल्यावर बँकच त्यांच्या दारी गेली. वापरणाऱ्याचा दिवस कसा जातो ते आधी पाहायचं आणि मग व्यवस्था आखायची, ही इथली रीत आहे आणि खेळातल्या पिशवीलाही तीच हवी.

त्याच १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ आला. त्यात सामानाला वजन होतं आणि पिशवीत वस्तू एकमेकींवर रचल्या जात. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नव्या खेळाडूच्या पाठपिशवीत सोळाच खण होते. गुहेत लढाई रंगात आलेली, चार साथीदार पुढे निघालेले आणि एकजण मात्र लांडग्याचं कातडं टाकावं की गंजलेली तलवार, या विचारात मागे अडकलेला! ‘गिल्ड वॉर्स २’ने यावर साधा उपाय काढला. एक बटण दाबलं की कच्चा माल थेट कोठारात जातो, मग खेळाडू कुठेही असो.

पिशवीला मर्यादा असावीच. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यात खेळ आहे. पण आधी अडचण निर्माण करायची आणि मग तिच्यातून सुटका विकायची, हे चूक आहे. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये कच्च्या मालाची अमर्याद पिशवी वर्गणीदारांनाच मिळते. ‘डायाब्लो ३’मध्ये खऱ्या पैशांनी शस्त्रं विकत घेता येत होती. तो लिलावबाजार खेळाच्या मुळावरच उठला आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीने तो बंद केला.

साजाचं गणितही खेळाडूकडे पाहूनच मांडायला हवं. ‘वॉरक्राफ्ट’ने २०११ मध्ये रूप आणि बळ वेगळं केलं. चिलखत ताकदीचं वापरावं, दिसावं मात्र आपल्या आवडीचं. त्यामुळे खेळाडूला स्वतःची ओळख मिळाली. मराठी खेळात ही ओळख माणदेशी घोंगडीची, गोफणीची, दांडपट्ट्याची असायला काय हरकत आहे?

मात्र नुसतं चित्र बदलून भागणार नाही. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला. त्याचा लोखंडी खोबळा हात कोपरापर्यंत झाकतो, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून फिरवावा लागतो. म्हणजे खेळात पट्टा घेतला की शस्त्राचा खण भरला आणि त्या हाताच्या कवचाचाही भरला. तो हात धनुष्याला मोकळा उरत नाही. शस्त्राची घडण अशी नियमात उतरली, तरच निवडीला अर्थ येतो.

हे काम करू शकतील असे हात जवळच आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ जगापुढे ठेवला. तो एकट्याने खेळायचा असला, तरी त्यातली त्रिशूळधारी नायिका परदेशी खेळाडूंनीही आपलीशी केली. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ आणला. इथल्या मातीतला खेळ बनू शकतो, हे या दोघांनी दाखवून दिलं आहे.

अशा सर्व निर्मात्यांना या व्यासपीठावरून कळकळीची विनंती आहे. आवडती वस्तू चुकून विकली जाऊ नये म्हणून तिला कुलूप द्या; विकलीच गेली तर परत घेण्याची मुभा द्या. लढाईगणिक साज बदलायला जतन केलेले संच द्या. शोधपट्टीत ‘त्रिशूळ’ आणि ‘त्रिशुळ’ दोन्ही सापडू द्या. लहान पडद्यावर जोडाक्षरं ठळक दिसू द्या. आणि खेळ बाजारात आणण्यापूर्वी साध्या फोनवर खेळणाऱ्या माण तालुक्यातल्या पोरापोरींच्या हाती तो द्या, त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि त्याप्रमाणे बदल करा.