आतल्या ओळी जुळल्या नाहीत तर? नॅनोकणांच्या चुंबकत्वाची गोष्ट

आजचा भाग लिंबागणेशहून. तुमच्या कानातल्या इअरफोनमध्ये एक इवलंसं चुंबक आहे. आजचं चुंबक मात्र त्याहून कितीतरी लहान, साधारण 20 नॅनोमीटरचं. केसाच्या जाडीत असे काही हजार कण एका रांगेत बसतील.

छत्रपती संभाजीनगरला आपल्या विद्यापीठात फेराइटच्या नॅनोकणांवर बऱ्याच वर्षांपासून काम चालतं. तिथं काय, कुठल्याही लॅबमध्ये काय, हे काम करणाऱ्या पोरांना एक अनुभव हमखास येतो. पुस्तकात मॅग्नेटाइटचं सॅच्युरेशन दर ग्रॅमला सुमारे 92 ईएमयू लिहिलेलं असतं. आपलं सॅम्पल व्हीएसएमवर ठेवावं, तर आकडा बराच खाली. मग पहिला विचार येतो, सॅम्पल बिघडलं, द्या टाकून.

थांबा जरा. कारण बऱ्याचदा पृष्ठभागात असतं. 1971 साली कोए या शास्त्रज्ञानं अगदी बारीक लोह ऑक्साइडच्या कणांत दाखवलं, की कडेचे स्पिन बाकीच्यांसोबत सरळ उभे राहत नाहीत, तिरके होतात. कण जितका लहान, तितकी कड जास्त. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण सगळा दोष कडेवर ढकलून चालत नाही.

आता कोअर-शेल कण घ्या. बोरासारखा: आत बी, बाहेर गर. आत वुस्टाइट, म्हणजे लोहाचं एक कच्चं ऑक्साइड, बाहेर मॅग्नेटाइट. वुस्टाइट टिकत नाही. हवा लागली की बाहेरून आत हळूहळू मॅग्नेटाइट होत जातं. हा बदल एकाच जागी सुरू होत नाही, कणाच्या अनेक जागी एकदम सुरू होतो. अन् घोळ इथंच होतो.

समजा एका रानात दोघांनी दोन टोकांनी तिफण धरली. दोघांच्याही ओळी सरळ, अंतर सारखं. पण मधोमध भेटले, तर ओळी अर्ध्या हातानं चुकलेल्या. पीक तेच, बी तेच, फक्त मधे एक न जुळलेली शीव. स्फटिकातल्या अशा शिवेला अँटिफेज बाउंड्री म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंचे लोहाचे अणू मधल्या ऑक्सिजनमधून समोरासमोर येतात आणि एकमेकांचे स्पिन उलटे धरतात. एक भाग वर ओढतो, शेजारचा खाली. बेरीज कमी भरते.

2013 साली स्वीडनमधल्या गटानं हेच कण पूर्ण ऑक्सिडाइज होईपर्यंत तपासले. कोअर संपला, त्याचा ताण गेला, शिवा मात्र राहिल्या. सॅच्युरेशन कमीच. शिवाय हिस्टेरिसिस लूप एका बाजूला सरकलेला! हे सरकणं, म्हणजे एक्सचेंज बायस, 1956 मध्ये मिकलजॉन आणि बीन यांना कोबाल्टच्या कणांवर कोबाल्ट ऑक्साइडचं कवच असताना सापडलं होतं. तेव्हापासून लूप सरकला की लोक दोन थर शोधतात. इथं तर एकच फेज उरली होती. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

मग दोष म्हणजे नुकसानच का? तसंही नाही. हे कण ट्यूमरमध्ये सोडून उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात तापवतात, 42 ते 45 अंशांपर्यंत. त्याला हायपरथर्मिया म्हणतात. युरोपात मेंदूच्या ट्यूमरसाठी अशा उपचाराला 2010 मध्ये मान्यता मिळाली. तापायचं तर नुसतं सॅच्युरेशन पुरत नाही, अॅनिसोट्रॉपीही लागते, म्हणजे स्पिनला एका दिशेचा हट्ट हवा. 2019 च्या एका अभ्यासात लोहाच्या रिकाम्या जागांमुळे हा हट्ट वाढलेला दिसला, आणि सिम्युलेशनमध्ये असे कण जास्त तापले. म्हणजे एमआरआयसाठी नको असलेला दोष इथं कामाचा. पण तो किती आणि कुठं, हे हातात असायला हवं. नाहीतर एका बॅचचे कण तापतील, दुसऱ्या बॅचचे नाही, आणि पेशंटवर असं चालत नाही.

पोरांनो, आता कामाचं. एक्सआरडीत एकच फेज दिसली म्हणून आत सगळं नीट आहे असं लिहू नका. काही पीक बाकीच्यांपेक्षा जास्त रुंद आहेत का, ते बघा. कण फील्डमध्ये थंड करून लूप घ्या, सरकतो का पाहा. हाय-रिझोल्यूशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळाली तर उत्तमच. आणि न्यूट्रॉन लागले, तर तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठातल्या संशोधकांना यूजीसी-डीएई केंद्रामार्फत अर्ज करता येतो. गाईडना विचारा, पुढचा अर्ज कधी भरायचा ते.