पहिली भाकरी तिची



डिसेंबरातली रात्र, आणि तीही नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण थंडी जुनीच आहे. लाट आली की इथला पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि ताटातलं अन्न पाच मिनिटांत गार होतं. हे गार होणं तेवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली.

गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला 36 वर्षं झाली. पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, आईला बाहेर जेवायला घेऊन जा. दोघंच जा. याला आता डेट नाइट म्हणतात." मी म्हटलं, "बाहेर कशाला? घरीच करतो. मीच करतो." पलीकडे बराच वेळ शांतता. ती रास्तच होती म्हणा, निवृत्त होईपर्यंत माझी मजल चहापलीकडे गेली नव्हती.

बेत मात्र दणदणीत. आम्ही दोघंही मूळचे पारनेर तालुक्यातले, तेव्हा हुलग्याचे शेंगोळे, वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी. कुळथाला आमच्याकडे हुलगा म्हणतात. त्याच्या पिठात लसूण, तिखट, मीठ, ओवा घालून घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं वळ्या करायच्या, टोकं जोडून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. थोडं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाट होतो. हे मला चक्क जमलं. वांगी मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर भाजली.

सौभाग्यवतींना स्वयंपाकघरात यायची बंदी होती. बाहेरून आवाज आला, "अहो, बाजरीचं पीठ कधीचं आहे ते तरी बघा." चिमूटभर जिभेवर ठेवलं, तर कडू. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे दळून ठेवलेलं पीठ लवकर खवट होतं. नवी बाजरी घरात होती. सात वाजता कानटोपी घालून डबा घेऊन गिरणी गाठली. गिरणीवाल्यानं विचारलं, "वहिनी आजारी आहेत का?"

खरी परीक्षा पुढे. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, ते ताणतं. बाजरीला तो नाही. कढत पाणी घालून एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं आणि तळहाताच्या टाचेनं परातीत रगडत राहायचं. जरा कंटाळा केला की भाकरी कडेनं फाटते. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, बाजरी मोठ्या हॉटेलांत पोचली. पण ती थापायला आजही तोच तळहात लागतो. माझ्या तीन मोडल्या. चौथी फुगली.

ती फुगलेली भाकरी तिच्या ताटात वाढली. तूप, भरीत, वाफाळते शेंगोळे. मी पुन्हा ओट्याकडे वळलो. मागून आवाज आला, "तुम्ही पण बसा ना." मी पाठ न वळवता म्हणालो, "तू खा, गार होईल."

आणि हात थांबला. हे वाक्य मी 36 वर्षं ऐकत होतो, फक्त दुसऱ्या बाजूनं. गरम भाकरी करणारा माणूस गरम भाकरी खाऊ शकत नाही. थंडीत तर नाहीच.

मी बसलो तोवर माझी भाकरी वातड झाली होती. लगेच ती उठली, "थांबा, एक गरम करते." मग मी उठलो. दोघांचं जेवण, आणि ताटावर एका वेळी एकच माणूस!

आमच्या पारनेरच्या घरात चूल जमिनीवर होती. आई तेव्हाही शेवटीच जेवायची, ते उगाच गोड करून सांगत नाही. पण निदान ती आमच्यात बसलेली असायची, बोलायची, दटावायची. ओटा आला, कंबर वाचली, धूर गेला, हे चांगलंच झालं. पण भाकरी करणारीची पाठ जेवणाऱ्यांकडे झाली. नवं घर बांधताना ओट्याची उंची मीच गवंड्याला सांगितली होती. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वांग्यांची शेगडी अजून धगधगत होती. ती म्हणाली, "चला, परात घ्या." अंगणात दोन पाट टाकले, शाली पांघरल्या. भाकरी तिनं थापायची, तव्यावरून उतरवून निखाऱ्याला लावून मी शेकायची आणि अर्धी अर्धी करून तिथंच खायची. ती संपल्यावरच पुढची थापायची. शेंगोळ्यांचं पातेलं शेगडीच्या कडेला होतं. चार भाकऱ्यांना रात्रीचे साडेदहा वाजले. त्यात तिच्या माहेरच्या विहिरीची एक गोष्ट निघाली, जी मला 36 वर्षांत कधी कळली नव्हती. ती इथं सांगणार नाही.

सकाळी मुलीचा फोन. "आई, कसा झाला बाबांचा बेत?"

"भरीत खारट होतं," ती म्हणाली, आणि फोन घेऊन अंगणात गेली.