प्रिंटर बोलतो, पण काय बोलतो?

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या अलीकडे हमरापूर स्टेशन लागतं. गणपतीच्या कारखान्यांचं गाव. आमच्या शेजारच्या कारखान्यात यंदा थ्रीडी प्रिंटर आला. मूर्ती छापायला नव्हे हो, मुकुटाच्या साच्यासाठी नमुना काढायला. त्याला जोडला होता लिनक्सवरचा जुना कॉम्प्युटर. लिनक्स म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातलं. संध्याकाळी तिथून भाच्याचा फोन आला, "मामा, प्रिंटर बोलतो, पण काय बोलतो ते कळत नाही."

जाऊन बघतो तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं.

प्रिंटर आणि कॉम्प्युटर बोलतात ते सीरियल पोर्टवरून. तिथं एकामागून एक बिट जातात. दोन्ही टोकांना सामाईक घड्याळ नसतं. एका अक्षराचे आठ बिट, पुढे सुरुवातीचा एक आणि मागे शेवटचा एक, असे दहा. सुरुवातीचा बिट दिसला की घेणारा आपल्या घड्याळावर पुढचे मोजत जातो. दहाव्यापर्यंत अर्ध्या बिटाची चूक साचली की अक्षर बिघडलं.

प्रिंटरचा बोर्ड 16 मेगाहर्ट्झवर चालतो. त्यातून सेकंदाला 250000 बिटांचा वेग बरोबर भागून निघतो. 115200 मागितलं तर मिळतात 117647, दोन टक्के जास्त, तेवढं खपतं. तरी बिनचूक म्हणून बोर्डवाल्यांनी अडीच लाखच धरले होते. युनिक्सकडे मात्र वेगांची ठरलेली यादी असते. पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाची यादी 38400 वरच संपते. लिनक्सनं पुढे 115200, 230400 असे आकडे घातले, पण त्यात 250000 नाही. एसटीटीवाय या आज्ञेनं तो आकडा नाकारला, तेव्हा भाच्यानं जवळचा म्हणून 230400 लावला. फरक साडेआठ टक्क्यांचा! दहाव्या बिटापर्यंत पाऊण बिटाहून जास्त घसरण. लिनक्सला यादीबाहेरचा आकडा सांगायची वेगळी सोय आहे, पायथनची पायसीरियल लायब्ररी ती वापरते. तिच्यातून 250000 सांगितल्याबरोबर प्रिंटर सरळ मराठीत, म्हणजे त्याच्या इंग्रजीत, बोलू लागला.

याहूनही जुन्या मशीनचं दुखणं निराळं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्यासमोर एकच पाट आहे आणि पहिला गणपती उचलायच्या आतच दुसरा येऊन आदळतो, असं समजा. सीरियल पोर्टच्या 8250 या चिपमध्ये आलेलं एकच अक्षर मावायचं. 115200 च्या वेगानं दर 87 मायक्रोसेकंदांनी नवं अक्षर येतं; प्रोसेसर दुसऱ्या कामात असला की आधीचं गेलंच. कर्नलच्या नोंदीत 'ओव्हररन' दिसलं तर समजावं, वेग दोन्हीकडे जुळलाय, उचलणाऱ्याचा हात पुरत नाही. पुढच्या 16550ए चिपनं 16 अक्षरांची फळी दिली. शिवाय 'थांब' सांगायला आरटीएस आणि सीटीएस या वेगळ्या तारा असतात. त्या केबलमध्येच नसतील आणि युनिक्सला त्यांची वाट बघायला सांगितलं असेल, तर पोर्ट गप्प बसून राहतो. लोक मग वेगाला दोष देतात. आमच्या प्रिंटरला या तारा लागत नाहीत. तो दर आज्ञेनंतर 'ओके' म्हणतो, मग पुढची पाठवायची.

मुकुट रात्री साडेनवाला उतरला. आखणीवाल्या काकांनी तो दिव्याखाली धरला, बोटानं थर चाचपले आणि विचारलं, "ह्याला पॉलिश पेपर कोण मारणार?"