खेळ कसा रचावा ?

व्यायाम आणि खेळ यांत एक मोठा भेद आहे. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करीत आहों याचें सतत भान असतें. खेळणाऱ्याला तें नसतें. जें मूल शंभर पावलें धांवावयास सांगितलीं तर पन्नासाव्या पावलावर पोट धरून थांबतें, तेंच मूल शिवाशिवींत राज्य चुकविण्यासाठीं दिवेलागणीपर्यंत धांवतें आणि घरीं बोलावणें आलें कीं रडतें. शरीर तेंच, पाय तेच, श्वासहि तोच. बदलतें तें फक्त धांवण्याचें कारण. ज्याला दुसऱ्याकडून शरीरश्रम करवून घ्यावयाचे असतील, त्यानें श्रमाची आज्ञा न देतां श्रमाला कारण पुरवावें, हें खेळ रचण्याच्या विद्येंतील पहिलें सूत्र होय.

खेळ रचतां येतो, ही कल्पनाच पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. हुतुतू, विटीदांडू, लगोरी हे खेळ कोणीं आणि केव्हां काढले, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. म्हणींप्रमाणें तेहि लोकांत रुळत, घांसत वाढले. परंतु आज जगभर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचें जन्मस्थान, जन्मवेळ आणि जनक हीं तिन्हीं निश्चित ठाऊक आहेत, आणि तो खेळ एकेक अडचण सोडवीत, विचारपूर्वक रचला गेला. तो खेळ म्हणजे बास्केटबॉल. त्याची हकीकत शिक्षकांनीं व पालकांनीं लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

१८९१ सालचा हिवाळा. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनची, कार्यकर्ते व शिक्षक तयार करणारी, एक शाळा होती. शरद ऋतूंत तेथील विद्यार्थी फुटबॉल खेळत आणि वसंतांत बेसबॉल. मधल्या थंडीच्या महिन्यांत मात्र त्यांना व्यायामशाळेच्या चार भिंतींआड कवाईत करावी लागे. अठरा जणांच्या एका वर्गाला या कवाइतीचा इतका वीट आला कीं, दोन शिक्षकांनीं त्या वर्गापुढें हात टेकले. हीं कांहीं लहान मुलें नव्हतीं; चांगले वाढलेले पुरुष होते. शारीरिक शिक्षणाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनीं तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या कॅनेडियन शिक्षकाच्या हवालीं केला, आणि बंद जागेंत दिव्याच्या उजेडांत खेळतां येईल असा नवा खेळ चौदा दिवसांत काढण्यास सांगितलें.

नेस्मिथ यांनीं प्रथम सोपा मार्ग धरला. ठाऊक असलेले मैदानी खेळच त्यांनीं थोडेबहुत बदलून आंत आणले. फुटबॉल आणला तर हातपाय मोडण्याची वेळ आली. लॅक्रॉस आणला तर काठ्यांचे तडाखे बसूं लागले. मुदत संपत आली, तेव्हां त्यांनीं हे सर्व खेळ बाजूस सारले आणि खेळांच्या मुळाशीं काय असतें याचा विचार आरंभिला.

त्या विचाराचा क्रम मोठा शिकण्यासारखा आहे. बहुतेक सांघिक खेळांना चेंडू लागतो. तेव्हां चेंडू हवा. चेंडू लहान असला तर त्यासाठीं काठी किंवा फळी घ्यावी लागते, आणि ती चालविण्यास शिकावें लागतें. तेव्हां चेंडू मोठा, दोन्ही हातांत सहज मावणारा हवा. फुटबॉलमध्यें धक्काबुक्की कां होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला कोणीतरी अडवावें लागतें म्हणून. मग पळण्यासच बंदी केली तर? चेंडू हातीं आलेल्या गड्यानें जागेवरूनच तो दुसऱ्याकडे टाकावा, एवढ्या एका नियमानें अंगावर तुटून पडण्याचें कारणच नाहींसें झालें. राहिला प्रश्न गोलाचा. गोल समोर उभा असला कीं, चेंडू जितक्या जोरानें मारावा तितका लाभ अधिक. बंद जागेंत हाच जोर धोक्याचा. येथें नेस्मिथ यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड दुरून दगड मारून पाडावयाचा, असा तो खेळ होता. त्यांत जोरानें भिरकावलेल्या दगडापेक्षां हलक्या हातानें कमानदार टाकलेला दगडच अधिक कामास येई. गोल आडवा करून डोक्याच्या वर नेला तर चेंडूहि तसाच कमानीनें टाकावा लागेल. मग जोराचें महत्त्व जाऊन नेमाचें वाढेल.

त्यांनीं शाळेची देखभाल करणाऱ्या गृहस्थाकडे दोन खोकीं मागितलीं. खोकीं नव्हतीं, म्हणून त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दोन्ही टोकांस त्या ठोकण्यांत आल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून आजहि बास्केटबॉलची कडी दहा फुटांवरच असते. तेरा नियम टाइप करून लावले गेले, आणि डिसेंबर १८९१ मध्यें प्रत्येक बाजूस नऊ असे ते अठरा जण फुटबॉलचा चेंडू घेऊन खेळले. सबंध खेळांत गोल झाला तो एकच. पण वर्गाचा कंटाळा पार पळाला.

या तेरा नियमांत शोभेचा असा नियम जवळजवळ नव्हता. कांहीं नियम एखादा धोका दूर करीत, कांहीं हालचालीला कारण पुरवीत. शिवाय खेळ कागदावर पुरा झाला असें कोणीं मानलें नाहीं. टोपलीला बूड होतें, म्हणून गोल झाला कीं शिडीवर चढून चेंडू काढावा लागे. कालांतरानें बूड गेलें. सज्जांत बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवीत किंवा आंत ढकलीत. म्हणून टोपलीमागें फळी आली. रचनाकारानें नियम लिहावे, खेळ पाहावा आणि पुन्हां नियम लिहावे, हाच या कामाचा राजमार्ग आहे.

खेळणारा बदलला कीं खेळहि बदलावा लागतो. १८९५ मध्यें, स्प्रिंगफील्डपासून जवळच असलेल्या होल्योक गांवीं, विल्यम मॉर्गन यांच्याकडे वयानें मोठे, व्यापारउदीम करणारे गृहस्थ व्यायामास येत. त्यांना बास्केटबॉलची दगदग सोसेना. मॉर्गन यांनीं साडेसहा फूट उंचीवर जाळें बांधलें आणि दोन्ही पक्षांना त्याच्या दोन बाजूंस उभें केलें. प्रतिपक्षाशीं अंगलट येण्याचा प्रश्नच उरला नाहीं. हाच पुढें व्हॉलीबॉल झाला. उलट दिशेचें उदाहरणहि त्याच मुलुखांतलें आहे. स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन यांनीं १८९२ मध्यें मुलींना बास्केटबॉल शिकविला; परंतु मुलींना फार श्रम सोसणार नाहींत या त्या काळच्या समजुतीला धरून मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकीला आपल्या भागांतच राहण्याचें बंधन घातलें. त्या योगें मुलींना खेळाचें दार उघडलें हें खरें. पण तशा प्रकारचीं बंधनें अमेरिकेंतील कांहीं शाळांतून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि टिकून राहिलीं. खेळाडूच्या शक्तीविषयीं मनांत घेतलेला संशय एकदां नियमांत शिरला कीं, पिढ्यान्‌पिढ्या बाहेर निघत नाहीं.

आतां या दृष्टीनें महाराष्ट्रांतील खेळांकडे पाहावें. त्यांचे रचनाकार अज्ञात आहेत. रचना मात्र थक्क करणारी आहे. हुतुतूंत घड्याळ लागत नाहीं, कारण चढाई करणाऱ्या गड्याचा दम हेंच घड्याळ. तोंडानें चाललेला उच्चार तुटला कीं चढाई संपली. लबाडी करावी तर ती सर्वांना ऐकूं येते. साहित्य म्हणावें तर जमिनीवर ओढलेल्या रेघा. खोखोमध्यें पळणाऱ्याला कोणत्याहि दिशेनें वळण्याची मोकळीक, आणि पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदां धरलेली दिशा खांबापर्यंत सोडतां येत नाहीं, कीं मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं. हा अन्याय भरून निघतो तो बसलेल्या आठ जणांमुळें. एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंडें करून बसलेल्या त्या आठांपैकीं कोणालाहि क्षणांत ‘खो’ मिळूं शकतो. म्हणून बसलेलाहि बसलेला नसतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खोखोच्या नियमांना व्यवस्थित रूप देण्याचें काम हातीं घेतलें. १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हुतुतूचें प्रात्यक्षिक दाखविलें. त्याच ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉल प्रथमच अधिकृत खेळ म्हणून खेळला गेला, आणि वृद्ध नेस्मिथ तें पाहण्यास तेथें हजर होते. पुढें १९९० मध्यें कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत आली, आणि जानेवारी २०२५ मध्यें खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीस झाली.

परंतु खेळाची खरी परीक्षा विश्वचषकांत होत नाहीं. ती होते अंगणांत, आणि परीक्षेचा प्रश्न एकच असतो: या खेळांत बसून कोण राहतें? संगीत खुर्ची घ्यावी. तींत सर्वांत आधीं बाद होतें तें सर्वांत मंद, सर्वांत बुजरें मूल. आणि मग उरलेला सर्व वेळ तें भिंतीशीं उभें राहून चपळ मुलांचा खेळ पाहतें. ज्याला धांवण्याची गरज सर्वांत अधिक, त्यालाच खेळ सर्वांत कमी धांववितो. असा खेळ चपळाला अधिक चपळ करतो आणि मंदाला प्रेक्षक. ही गोष्ट दोन वेळां घडली कीं तिसऱ्या वेळीं तें मूल खेळावयास येतच नाहीं. आणि घरचीं माणसें म्हणतात, याला खेळाची आवडच नाहीं!

लोकांच्या खेळांनीं या प्रश्नाचीं उत्तरें फार पूर्वींच शोधून ठेविलीं आहेत. हुतुतूच्या संजीवनी प्रकारांत प्रतिपक्षाचा गडी मेला कीं आपला मेलेला गडी जिवंत होऊन पुन्हां आंत येतो. विषामृतांत विष मिळालेला जागच्या जागीं थिजतो. पण सोबत्यानें येऊन अमृत दिलें कीं तो पुन्हां धांवूं लागतो. साखळीच्या शिवाशिवींत पकडला गेलेला बाहेर जात नाहीं, तो पकडणाऱ्यांचा हात धरून साखळींत सामील होतो. आणि अगदीं धाकट्यासाठीं ‘लिंबूटिंबू’ ही सोय आहेच: तो सर्वांबरोबर धांवतो, पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. नियमांच्या कोणत्याहि पुस्तकांत न लिहिलेला हा नियम मुलांनींच मुलांसाठीं केलेला आहे.

या प्रश्नाची निकड आज किती आहे, हें आंकडेच सांगतात. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल घडावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि अकरा ते सतरा वर्षांच्या शंभरांपैकीं एक्क्यांशीं मुलांना तेवढी हालचाल घडत नाहीं, असें १४६ देशांतील २०१६ पर्यंतच्या माहितीवरून दिसून आलें. शहरांत मैदानें आटलीं, अंगणांत मोटारी उभ्या राहिल्या. मैदान निर्माण करणें गृहस्थाच्या हातीं नाहीं. आहे त्या जागेला साजेसा खेळ रचणें मात्र आहे.

एक साधें उदाहरण घ्यावें. इमारतीपुढें दहाबारा पावलें लांबरुंद जागा आहे आणि बारा मुलें आहेत. चार कोपऱ्यांत खडूनें चार घरें आंखावीं आणि प्रत्येक घरीं तीन मुलें ठेवावीं. मध्यें बाटल्यांचीं तीसचाळीस झांकणें टाकावीं. इशारा होतांच सर्वांनीं एकदम धांवून झांकणें आपल्या घरीं आणावींत. मधलीं संपलीं कीं दुसऱ्यांच्या घरांतून आणावींत. तीन मिनिटांनीं ज्याच्या घरीं अधिक, तें घर जिंकलें. निरनिराळ्या रूपांनीं हा खेळ अनेक देशांतील शाळांतून खेळला जातो. त्यास नियम दोनच: एका वेळीं एकच झांकण उचलावें, आणि आपल्या घराची राखण करूं नये. पहिला नियम नसेल तर धटिंगण मूल ओंजळ भरून नेईल आणि खेळ अर्ध्या मिनिटांत आटोपेल. दुसरा नसेल तर अर्धीं मुलें पहाऱ्यावर उभीं राहतील आणि ढकलाढकली सुरू होईल. जें घर पुढें जाईल त्याच्याकडेच सर्वांच्या नजरा वळतील; म्हणजे मागें पडलेल्यांना आशा आणि पुढें गेलेल्यांना धास्ती शेवटपर्यंत राहील. तीन मिनिटांत एकेका मुलाच्या वीस खेपा झाल्या, तर दोनशेंहून अधिक पावलें धांवणें झालें आणि वीस वेळां वांकणें झालें. बाद मात्र कोणीच झालें नाहीं.

पहिल्याच दिवशीं यांतहि दोष दिसेल. झांकणांचा ढीग मधोमध केला तर डोक्यावर डोकें आपटेल. मग तीं एका मोठ्या वर्तुळावर पसरावींत. एखादें घर फारच दुबळें ठरलें तर दर डावाला मुलें बदलावींत. वडील माणसानें शिट्टी घेऊन मध्यें उभें राहण्यापेक्षां कडेला बसून पाहावें, आणि नजर जिंकणाऱ्यावर न ठेवतां सर्वांत मागें असलेल्या मुलावर ठेवावी. तें मूल धांवत असेल तर खेळ नीट रचला गेला. तें उभें असेल तर मुलाला बोल न लावतां नियम बदलावा.