पेटी आपणच शिकू

आमच्या पवन मावळात पेटीवाले दादा आले नाहीत, की बायकांचं भजन नुसत्या टाळांवर व्हायचं. गटात ठरलं, आपणच शिकू. आधी मोबाइलवर बघून शिकलो. पण बोट चुकलं तरी मोबाइल काही बोलत नाही! महिनाभरात चुकीचीच सवय लागली. मग दादांनाच आठवड्यातून एकदा बोलावलं. काळी चारचा सा धरून त्यांनी भूपाचे पाचच स्वर दिले: सा, रे, ग, प, ध. मोबाइल आता फक्त उजळणीला. वर्गणी काढून जुनी पेटी घेतली, पाळीपाळीने घरी नेतो. भातलावणीत बोटं आखडतात, तेव्हा दहाच मिनिटं बसतो. परवा एकादशीला दादा नव्हते. दोन अभंग अडखळत झाले, पण पेटीवर झाले.