पाण्याकाठचे मूल आणि सरकारचा दाखला



या मालेत आपण मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकलीत. माझा विषय लहान आहे. स्वमग्न मुलांसाठी आपल्या राज्याने काय केले आणि त्यातले उजनीच्या काठापर्यंत किती पोचले, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी जलाशयाकाठच्या एका गावचा निवृत्त शिक्षक. त्यामुळे बोलण्यात पाणी वारंवार येईल. त्याला इलाज नाही.

दाखला म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही. १९६६ साली भीमेवर धरणाचे काम सुरू झाले, १९८० साली ते पुरे झाले, आणि करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. पुष्कळ गावे पाण्याच्या रेषेवर सरकून पुन्हा वसली. तेव्हापासून धरणग्रस्ताचा दाखला आमच्या घरोघरी देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेला असतो. सरकारने तुमचे नुकसान मान्य केले, एवढाच त्याचा अर्थ. मान्य केल्यानंतर पुढे काय, यात आमची एक पिढी गेली.

आता दुसऱ्या दाखल्याकडे येतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्याच गावात दिली आहे. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर वळून पाहीना. तासन् तास एका जागी बसून बोटांतून वाळू गाळीत राही. मात्र एकदा दाखविलेली वाट तो विसरत नसे. घरातली वडीलधारी म्हणाली, बाप तरी कुठे लवकर बोलला होता! त्यात वर्ष गेले. मग एका डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठविले. आमच्या गावाहून सोलापूर शंभर किलोमीटरांहून अधिक. एस.टी.चा भोंगा वाजला की हे पोर कानांवर हात दाबून किंचाळत असे, आणि गाडीतली माणसे आईला म्हणत, ‘पोराला जरा वळण लावा की.’ दोनदा गेली, तेव्हा तपासणारे तज्ज्ञ त्या दिवशी नव्हते. दोनदा मजुरी बुडाली. तिसऱ्या खेपेस तपासणी झाली आणि दाखला आला. तोवर पोराला सहावे लागले होते.

स्वमग्नता हा वेडेपणा नव्हे आणि आईबापांच्या वागणुकीचे फळही नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा मुलांचे पहिले सविस्तर वर्णन केले. पुढे दोन दशके तिकडची विद्वान मंडळीसुद्धा आईच्या थंड स्वभावावर खापर फोडीत होती. तो समज केव्हाच निकालात निघाला. एस.टी.तल्या उतारूंपर्यंत ती बातमी अजून यावयाची आहे. मेंदूची घडणच जन्मापासून निराळी असते. मूल ऐकते, पाहते, परंतु आपल्या रीतीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न असतो. तीन हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावून पाहा. वीसएक माणसे येतात. ती कोठे आहेत? कोणी ‘खुळा’ म्हणून, कोणी ‘मुका’ म्हणून, कोणी घराच्या मागच्या खोलीत. २०११ च्या जनगणनेत त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि स्वमग्नतेचे नाव त्यांत नव्हते. त्यामुळे पुष्कळ आईबापांनी निरुपायाने ‘मतिमंद’ असा दाखला घेतला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते नाव आले. त्यातून आज ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना चालते, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यांत स्वमग्नता आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला.  संजय गांधी निराधार योजनेतून पात्र दिव्यांगांना मिळणारी रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जाऊन मुले तपासतात, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे. कागद पाहिला तर समाधान वाटावे असाच आहे.

पण माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट अर्धी राहिली. दाखला आला त्याच वर्षीच्या श्रावणातली ही हकीगत. पोराच्या करदोड्याला तिने घुंगरू बांधले होते; ते वाजत राहिले की पोर घरात आहे हे तिला कळे. भाकऱ्या थापता थापता तिच्या ध्यानात आले की घुंगराचा आवाज बंद झाला आहे. ती धावली. पोर जलाशयात कमरेइतक्या पाण्यात, घराकडे पाठ करून, लाटांवरचे ऊन पाहत उभे होते. एक मच्छीमार होडी सोडीत होता, त्याने त्याला उचलून आणले. पोर रडले नाही, घाबरलेही नाही. पुन्हा पाण्याकडे जावयास धडपडत राहिले. दुसऱ्या दिवशी तो दाखला घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “गुरुजी, ह्यात सत्तर टक्के लिवलंय. पाण्याचं कुठं लिवलंय?”

या प्रश्नाने मला अभ्यासाला बसविले. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशात जी पट्टी वापरतात, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली आहे. तिच्यात चाळीस प्रश्न असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्या चाळिसांत एक प्रश्न असा आहे की, मुलाला धोक्याची भीती वाटत नाही काय? म्हणजे पाण्याचे लिहिले होते! तपासणाऱ्याने विचारले, आईने सांगितले, त्याने गुण मांडले. मग चाळिसांची बेरीज झाली, बेरजेचे टक्के झाले, आणि घरी आला तो फक्त टक्क्यांचा आकडा. अनुदानाच्या कारकुनाला तेवढाच लागतो. त्या पोराला भीती वाटत नाही, ही गोष्ट ना ग्रामपंचायतीला कळली, ना अंगणवाडीला, ना होडीवाल्याला.

ही एकट्या पोराची खोड नव्हे. २०१२ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांनी निदान एकदा तरी घरातून वा शाळेतून निसटून जाण्याचा प्रयत्न केलेला आढळला. २०१७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंधरा वर्षांखालील स्वमग्न मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण इतर मुलांच्या १६० पट निघाले. नोंदी थोड्या होत्या, त्यामुळे नेमक्या आकड्यावर मी जोर देणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. पाणी या मुलांना ओढते. आणि आपण राहतो कोठे? ११७ टी.एम.सी. पाण्याच्या काठावर. आपण म्हणतो, धरण ‘मायनस’मध्ये गेले, पण मायनसमध्येही सुमारे ६३ टी.एम.सी.पर्यंत पाणी आत असतेच, आणि वर पायाला धरणारा गाळ. धरणातून पाणी सोडले की खालच्या भीमाकाठच्या गावांना इशारा जातो. वरच्या अंगाला आमच्या परसापर्यंत पाणी चढते ते गुपचूप. त्याचा भोंगा वाजत नाही.

कायद्यात याचीही सोय आहे, म्हणून तर मला बोलावेसे वाटले. २०१६ च्या कायद्याचे आठवे कलम सांगते की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची परिस्थिती त्यांना कळविण्याची व्यवस्था करावी. पंचविसावे कलम सांगते की आरोग्यसेवा, विशेषतः ग्रामीण भागात, जवळपास मिळावी. पालक नेमणारी समिती आणि हे प्राधिकरण, दोन्हींचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच. म्हणजे एका टेबलावर मुलांची यादी आणि त्याच टेबलावर पाण्याची पातळी! दोन कागद शेजारी ठेवण्याचे काय ते काम आहे. तपासणीचे तज्ज्ञ महिन्यातून एक दिवस जेऊरला वा करमाळ्याला येऊन बसले, तर सहाव्या वर्षी मिळालेला दाखला तिसऱ्या वर्षी मिळेल. बोलणे, खाणाखुणा, चित्रे दाखवून मागणे हे सारे शिकविण्यास तीन ते सहा ही वर्षे फार मोलाची. ती परत मागता येत नाहीत.

राहिले गावाचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा राज्याचा आदेश आहे. आमच्याकडे मार्च आला की ती रक्कम समसमान वाटून टाकण्याची रीत पडली आहे. कोणाची तक्रार राहत नाही, आणि कोणाचे कामही होत नाही. त्याच पैशातून त्या घराच्या पाण्याकडच्या अंगाला तारेची जाळी आणि वरच्या बाजूला कडी असलेले फाटक होईल. पोहणेही शिकविता येईल. पाठीला डबा बांधून विहिरीत पोरे सोडणारी माणसे आपल्या गावांतून अजून आहेत. त्या पोराला मागील चैत्रापासून आम्ही असेच शिकवीत आहो. तो तरंगतो, आणि पाण्यात असताना दोन वेळा त्याने माझ्याकडे पाहिलेही. होडीवाल्यांना त्याचे नाव आणि तोंड आता माहीत आहे. अंगणवाडीच्या ताईंनी भिंतीवर त्याच्यासाठी चित्रे लावली आहेत. पाणी हवे असले की तो तांब्याच्या चित्रावर बोट ठेवतो.

येत्या १ मेला आमच्या गावची ग्रामसभा आहे. जाळी, फाटक आणि आठव्या कलमाप्रमाणे गावातल्या अशा सर्व मुलांची नोंद जिल्ह्याला पाठविणे, या तीन गोष्टींचा अर्ज मी लिहिला आहे. त्याच्या कोऱ्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपणांपैकी काठच्या गावांहून जे आले आहेत त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी. गावाचे नाव घालावयाची जागा मी रिकामी सोडली आहे.