परतीचे भाडे

श्रोतेहो, मालमोटार दारी आली की आपण तिला हार घालतो. पण बँकेचा हप्ता हार पाहून थांबत नाही. आम्ही पहिल्या फेरीला नाशिकचा कांदा भरून कोलकात्यास गेलो. भाडे चढे मिळाले म्हणून हरखलो. परतीचा माल मात्र ठरवला नव्हता. चार दिवस गाडी उभी राहिली, आणि अखेर पडेल भाव पत्करावा लागला. तेव्हा उमगले, की डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि रिकामे दिवस वजा करून भाडे साऱ्या फेरीचे मोजायचे असते.

म्हणून निघण्यापूर्वीच तिकडच्या दोन हुंडेकऱ्यांशी बोलावे. उरलेले भाडे केव्हा मिळणार, ते लिहून घ्यावे. कांद्याला ई-वे बिल लागत नाही. पण ५०,००० रुपयांवरच्या बहुतेक मालाला ते २०१८ पासून सक्तीचे आहे. ते पाहिल्यावाचून गाडी हलवू नये. एकदाच्या चढ्या भाड्यापेक्षा वेळेवर पैसे देणारे कायमचे गिऱ्हाईक बरे!